नावातली स्पेस, यादीतली अवतरणचिन्हे

जानेवारी २०१६ मध्ये ग्नू कोअरयुटिल्सची ८.२५ ही आवृत्ती आली. लिनक्सवर रोज लागणाऱ्या कितीतरी छोट्या आज्ञा या एकाच संचातल्या. फोल्डरमध्ये काय काय आहे ते दाखवणारी ‘एलएस’ त्यांतलीच. या आवृत्तीपासून तिचे वागणे एका बाबतीत बदलले. फाइलच्या नावात स्पेस असेल, तर टर्मिनलवर ते नाव एकेरी अवतरणचिन्हांत दिसू लागले. आधी जे

मार्च अहवाल

असे दिसे, ते आता

'मार्च अहवाल'

असे दिसू लागले. डिस्कवरचे नाव जसेच्या तसे होते, बदलले होते ते फक्त दाखवणे. तरीही तक्रारी लगेच सुरू झाल्या. डेबियनच्या पॅकेजमध्ये हा बदल काही काळ उलटवण्यात आला आणि ग्नू प्रकल्पाला आपली बाजू मांडणारे स्वतंत्र पान लिहावे लागले. आज बहुतेक लिनक्स यंत्रांवर अवतरणचिन्हे सरसकट दिसतात, मॅकवर दिसत नाहीत आणि विंडोजच्या ‘डिर’ या आज्ञेने ती कधी दाखवलीच नाहीत. हा फरक का पडला, कोणाचे म्हणणे काय आहे आणि काय अजून सुटलेले नाही, याचा हा आढावा.

दोन वाचक, एक यादी

मुळात युनिक्सने फाइलच्या नावावर फारच थोडी बंधने घातली. नावात दोन गोष्टी चालत नाहीत: फोल्डरांना वेगळे करणारी तिरकी रेघ आणि शून्य किमतीचा बाइट. बाकी सगळे चालते. स्पेस चालते, टॅब चालतो, नवी ओळसुद्धा चालते. सुरुवातीच्या काळात या मोकळीकीने कोणाचे काही बिघडले नाही, कारण नावेच तोकडी असत. १९७१च्या पहिल्या आवृत्तीत नाव आठ अक्षरांचे, पुढे चौदा अक्षरांचे. एवढ्याशा जागेत स्पेस घालून अक्षर वाया घालवावे, असे त्या काळच्या प्रोग्रामरला वाटण्याचे कारण नव्हते. बर्कलीहून आलेल्या १९८३च्या ४.२बीएसडीने ही मर्यादा २५५वर नेली आणि वाक्यासारखी नावे ठेवणे शक्य झाले.

अडचण आली ती टंकलेल्या आज्ञा वाचून चालवणाऱ्या शेलच्या बाजूने. १९७९च्या सातव्या आवृत्तीबरोबर आलेल्या बॉर्न शेलने घालून दिलेली रीत आजच्या बॅशपर्यंत चालत आली आहे. शेलच्या लेखी स्पेस म्हणजे एक शब्द संपला, दुसरा सुरू झाला. माणसाच्या लेखी “मार्च अहवाल” हे एक नाव आहे. शेलच्या लेखी ती दोन नावे आहेत. अवतरणचिन्हे न लावता त्या नावाची रिकामी फाइल तयार करायला सांगितली, तर शेल निमूटपणे “मार्च” आणि “अहवाल” अशा दोन फाइली तयार करतो. काढून टाकायला सांगितली, तर त्याच दोन नावांच्या फाइली शोधतो आणि सापडल्या तर काढून टाकतो.

‘एलएस’ची यादी या दोघांच्या मधोमध उभी आहे. ती वाचतो माणूस, पण वाचून झाल्यावर तेच नाव तो शेलच्या हाती देतो. यादी नक्की कोणासाठी लिहायची, हा या सगळ्या वादाचा गाभा आहे.

सातव्या आवृत्तीतली ‘एलएस’ दर ओळीला एक नाव छापत असे, त्यामुळे स्पेस असली तरी नाव कुठे संपते ते कळे. बर्कलीच्या आवृत्तीने नावे स्तंभांत मांडायला सुरुवात केली. पडद्यावरची जागा वाचली, पण नावांच्या मध्येही मोकळी जागा आणि नावांच्या पोटातही मोकळी जागा, अशी स्थिती झाली. ग्नूच्या ‘एलएस’मध्ये दोन स्तंभांत किमान दोन स्पेस असतात. म्हणजे एक स्पेस दिसली तर ती नावातली आणि दोन दिसल्या तर तिथे नाव संपले, असे डोळ्यांनी मोजत बसायचे. नावातच चुकून दोन स्पेस पडल्या असतील, तर तेही साधत नाही.

बर्कलीने त्याच वेळी आणखी एक पायंडा पाडला. यादी पडद्यावर जाणार असेल तर स्तंभ, आणि दुसऱ्या प्रोग्रामकडे पाइपने जाणार असेल तर दर ओळीला एक नाव. १९८४ मध्ये रॉब पाइक आणि ब्रायन कर्निगन यांनी युनिक्समधल्या प्रोग्रामच्या रचनेवर लिहिलेल्या लेखात नेमक्या याच गोष्टीवर बोट ठेवले होते. स्तंभ मांडणे हे वेगळ्या प्रोग्रामचे काम आहे आणि आपले उत्पादन कुठे जाते हे पाहून प्रोग्रामने वागणे बदलू नये, असा त्यांचा रोख होता. पुढे पॉझिक्स या प्रमाणकाने दर ओळीला एक नाव हे मूळ रूप ठरवले, पण टर्मिनलवरचे रूप ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले. २०१६चा बदल याच सवलतीत बसतो, ही गोष्ट वादात फारशी कोणी लक्षात घेतली नाही.

इतरांनी काय केले

स्पेस असलेली नावे घराघरांत पोचवली ती युनिक्सने नव्हे. १९८४च्या मॅकिंटॉशवर कमांड लाइनच नव्हती. तिथे “सिस्टम फोल्डर” हे नाव स्पेससकट अगदी सहज वावरत होते, कारण नाव टंकावे लागत नव्हते, त्यावर क्लिक करायचे होते. २४ ऑगस्ट १९९५ला विंडोज ९५ आले. आठ अधिक तीन अक्षरांची जुनी मर्यादा गेली आणि “प्रोग्राम फाइल्स” हे फोल्डर कोट्यवधी यंत्रांवर जाऊन बसले. जुन्या प्रोग्रामांसाठी त्याचे छोटे, स्पेस नसलेले दुसरे नावही विंडोजने मागे ठेवले.

‘डिर’ने यादीतला गोंधळ जागेच्या हिशेबाने टाळला. तारीख, वेळ आणि आकार आधी, नाव सर्वांत शेवटी. शेवटच्या रकान्यात कितीही स्पेस आल्या तरी त्या नावाच्याच. युनिक्सच्या लांब यादीतही नाव शेवटीच येते आणि तिथे ही युक्ती बरीचशी चालते. मात्र एखादी फाइल दुसरीकडे बोट दाखवणारी दुवा-फाइल असेल, तर नावानंतर बाण आणि मग मूळ फाइलचे नाव येते. मोकळ्या जागेने वेढलेला असाच बाण नावातही असू शकतो, आणि मग कुठले नाव कुठे संपले ते सांगता येत नाही.

ओपनव्हीएमएस या प्रणालीने वेगळी वाट धरली. तिथे जुन्या फाइलव्यवस्थेत स्पेस चालतच नव्हती. नव्या फाइलव्यवस्थेने ती चालवून घेतली, पण यादीत ती उघडी ठेवली नाही. तिच्या जागी टोपीचे चिन्ह आणि खालची रेघ अशी जोडी दिसते आणि तीच जोडी टंकतानाही वापरायची असते.

या विषयाच्या दृष्टीने बेल लॅब्जच्या प्लॅन नाइन या प्रणालीचे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. युनिक्स घडवणाऱ्यांनीच ती घडवली. तिथल्या शेलला ज्या चिन्हांचा वेगळा अर्थ लागतो, अशी चिन्हे नावात असतील तर तिथली ‘एलएस’ ते नाव मुळातच अवतरणचिन्हांत दाखवते आणि ती नको असतील तर वेगळा पर्याय द्यावा लागतो. ग्नूने २०१६ मध्ये जे केले त्याला युनिक्सच्याच घराण्यात असा आधार होता.

बदलाच्या बाजूने

ग्नूचे पहिले म्हणणे नि:संदिग्धतेचे. पडद्यावर जे दिसते त्यावरून नाव नेमके काय आहे हे कळलेच पाहिजे. नावाच्या शेवटी चुकून स्पेस पडली असेल, तर जुन्या यादीत ती दिसण्याचा मार्गच नव्हता. फाइल डोळ्यांसमोर आहे, नाव बरोबर टंकले आहे आणि तरी शेल म्हणतो की अशी फाइल नाही, हा अनुभव कमांड लाइनवर काम करणाऱ्या पुष्कळांना असेल. अवतरणचिन्ह त्या स्पेसच्या पलीकडे पडते आणि ती ताबडतोब नजरेत येते.

दुसरे म्हणणे सुरक्षिततेचे. यादीतले नाव उचलून आज्ञेपुढे चिकटवण्याची सवय सर्रास आहे. नाव उघडे असेल तर स्पेसपाशी त्याचे तुकडे होतात आणि नावात डॉलर किंवा अर्धविराम असेल तर शेल त्याचा भलताच अर्थ लावतो. अवतरणचिन्हांसकट उचललेले नाव जसेच्या तसे चालते.

ही भीती कल्पनेतली नाही. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलने मॅक ओएस टेनसाठी काढलेल्या आयट्यून्स २.०च्या स्थापकात जुनी प्रत काढून टाकणारी एक ओळ होती. त्या ओळीत डिस्कच्या मार्गाला अवतरणचिन्हे नव्हती. डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही लोकांची डिस्कवरची माहिती त्यात पुसली गेली. ॲपलने तो स्थापक मागे घेतला आणि २.०.१ दिला. २०११ मध्ये लिनक्सवरच्या बंबलबी प्रकल्पाच्या स्क्रिप्टमध्ये उलटे घडले. एका लांब मार्गात ‘यूएसआर’नंतर एक फालतू स्पेस पडली होती. एक आतले छोटे फोल्डर काढायचे होते, त्याऐवजी आज्ञेने अख्खे ‘यूएसआर’ फोल्डर काढायला घेतले. दोन्ही चुका स्क्रिप्टमधल्या होत्या आणि यादी कशीही दिसली असती तरी त्या टळल्या नसत्या, हे खरे. पण एका स्पेसची किंमत केवढी असू शकते, ते त्यांवरून कळते.

तिसरा मुद्दा मराठी वाचकाला जवळचा वाटावा. टर्मिनलची भाषाव्यवस्था युनिकोडवर लावलेली नसेल, तर ‘एलएस’ला देवनागरी अक्षरे छापण्याजोगी वाटत नाहीत. कंटेनरमध्ये किंवा ओक्याबोक्या सर्व्हरवर अशी स्थिती नेहमीच असते. “पुणे” या नावात उकार आणि मात्रा धरून चार युनिकोड चिन्हे, म्हणजे यूटीएफ-८ मध्ये बारा बाइट. जुनी ‘एलएस’ तिथे बारा प्रश्नचिन्हे छापायची. “मुळा” हे नावही बारा बाइटांचे, त्याचीही बाराच प्रश्नचिन्हे, त्यामुळे दोन्हींत फरक कळायचा नाही. नव्या पद्धतीत प्रत्येक बाइटचा अष्टमान आकडा अवतरणचिन्हांत दिसतो. “प”साठी ३४०, २४४, २५२. वाचायला हे भयंकरच आहे, पण ती रांग उचलून शेलला दिली तर पुण्याचीच फाइल उघडते. प्रश्नचिन्हांना शेल “इथे काहीही असू शकते” असा अर्थ देतो, त्यामुळे ती देऊन भलतीच फाइल उघडण्याचा संभव असतो.

आणि शेवटी, हे सगळे फक्त टर्मिनलवर. पाइपमधून जाणाऱ्या यादीत अवतरणचिन्हे येत नाहीत, म्हणून जुन्या स्क्रिप्टना धक्का लागत नाही, असे ग्नूने आवर्जून सांगितले.

विरोधी बाजू

विरोधकांचे म्हणणे केवळ सवयीचे नाही, जरी त्यात सवयीचा वाटा मोठा आहे. इतक्या वर्षांचे मूळ वागणे बदलताना नवे रूप आधी पर्याय म्हणून द्यावे, ज्यांना हवे ते चालू करतील, असे अनेकांनी म्हटले. अवतरणचिन्हांची सोय ‘एलएस’मध्ये आधीपासून होतीच. दुहेरी अवतरणचिन्हांचा पर्याय होता, बॅकस्लॅशचाही होता. नवे होते ते न मागता मिळणे.

नवख्या माणसाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. त्याला ती चिन्हे नावाचाच भाग वाटतात. त्यात एकाच यादीत काही नावांना चिन्हे आहेत, काहींना नाहीत. नावात लोपचिन्ह असेल तर एकेरीच्या जागी दुहेरी चिन्हे येतात. नियम शेलच्या व्याकरणातून आलेला आहे आणि ते व्याकरण ज्याला माहीत नाही त्याला यादी लहरी वाटते. नाव उचलून पत्रात किंवा दुसऱ्या खिडकीतल्या चौकटीत टाकायचे असेल, तर चिन्हे हाताने खोडावी लागतात. शेल हा नावाचा एकमेव पुढचा वाचक नाही, ही आठवण रास्त आहे.

दिसण्याची तक्रारही होती. पहिल्या रूपात चिन्हांमुळे नावांची सुरुवात पुढेमागे होई आणि स्तंभ खाली वाचत जाणारी नजर अडखळे. ही तक्रार ग्नूने ऐकली. नंतरच्या आवृत्तीत चिन्हे नसलेल्या नावांपुढे एक स्पेस सोडून सगळी नावे एका रेषेत आणली गेली. ज्यांना जुनेच रूप हवे त्यांच्यासाठी एक अक्षरी पर्याय आहे आणि एक पर्यावरण-चल कायमचे बसवून ठेवले तरी भागते.

“पाइपमध्ये काही बदलत नाही” या आश्वासनालाही मर्यादा आहे. काही साधने आभासी टर्मिनल उभे करून आज्ञा चालवतात. दूरच्या यंत्रावर टर्मिनल मागून चालवलेली आज्ञा, किंवा पडद्यावरचे सगळे फाइलीत टिपून ठेवणारी साधने, ही त्यांतली. ‘एलएस’ला तिथे समोर माणूस आहे असेच वाटते आणि चिन्हे येतात. स्वयंपूर्तीशीही विसंगती राहिली आहे. बॅशमध्ये नावाची पहिली अक्षरे टंकून टॅब दाबला तर तो स्पेसपुढे बॅकस्लॅश घालतो. त्याच नावाची दोन वेगळी लेखने एकाच पडद्यावर, दोन ओळींच्या अंतराने दिसतात. दोन्ही बरोबर आहेत, पण शिकणाऱ्याला ते कोणी सांगत नाही.

यादीच्या पलीकडे पाहणारे

तिसऱ्या गटाच्या मते यादीत चिन्हे घालायची की नाही हा प्रश्नच दुय्यम आहे. यांच्यात पुन्हा पोटभेद आहेत.

काहींचा रोख नावांकडे. डेव्हिड व्हीलर यांनी २००९ मध्ये लिहिलेल्या दीर्घ निबंधात असे मांडले की युनिक्सने नावांना दिलेली मोकळीक हीच चूक आहे. नवी ओळ, टॅब यांसारखी नियंत्रणचिन्हे आणि नावाच्या सुरुवातीची आडवी रेघ व्यवस्थेनेच नाकारावी. स्पेसबाबत मात्र ते मवाळ आहेत. लोक स्पेस वापरणारच, हे त्यांना मान्य आहे. नियंत्रणचिन्हे गेली की शेलला फक्त नव्या ओळीपाशी आणि टॅबपाशी शब्द तोडायला सांगता येईल आणि स्पेस निरुपद्रवी होईल, असा त्यांचा हिशेब. पॉझिक्समध्ये सर्वत्र चालणाऱ्या अक्षरांचा एक संच सांगितलेला आहे: इंग्रजी मुळाक्षरे, आकडे, टिंब, खालची रेघ आणि आडवी रेघ. त्यात स्पेस नाही. त्यात देवनागरीही नाही, त्यामुळे त्या संचापुरतेच राहा हा सल्ला मराठीत नावे ठेवणाऱ्याला उपयोगाचा नाही.

काहींचा रोख शेलकडे. चल राशीत ठेवलेले नाव पुन्हा स्पेसपाशी तोडणे ही बॉर्न शेलची खोड आहे, ती सोडा, असे हे म्हणतात. प्लॅन नाइनच्या शेलने ती सोडली, झेडशेलही मूळ वागण्यात असे तोडत नाही. पॉवरशेल आणखी पुढे गेला. तिथे आज्ञा अक्षरांची ओळ पुढे देतच नाही, फाइल ही वस्तूच पुढे देते. नावात काय आहे याने काही फरक पडत नाही आणि म्हणून यादीत चिन्हेही लागत नाहीत.

तिसरे, व्यवहारी लोक, यादी यंत्राने वाचूच नये असे सांगतात. शेलच्या जाणकारांमध्ये हा सल्ला आता पाठच झालेला आहे. स्क्रिप्ट तपासणारे शेलचेक हे साधनही ‘एलएस’ऐवजी ‘फाइंड’ वापरायला सुचवते. नावांच्या मध्ये नवी ओळ न घालता शून्य बाइट घालायचा, कारण तोच नावात कधी येऊ शकत नाही, ही पद्धत ‘फाइंड’ आणि ‘एक्सआर्ग्ज’ या जोडीने रूढ केली. २०२१च्या कोअरयुटिल्स ९.०ने ‘एलएस’लाही तसा पर्याय दिला. तर्काच्या दृष्टीने हा मार्ग सर्वांत स्वच्छ आहे. माणसाने वाचायची यादी वेगळी आणि यंत्राने वाचायची वेगळी ठेवली, की पहिलीत चिन्हे घालण्यावरचा अर्धा वाद विरतो.

आज काय आहे

ग्नूचे रूप हळूहळू पसरते आहे. ऑक्टोबर २०२५च्या उबुंटू २५.१०ने कोअरयुटिल्सची रस्ट भाषेत नव्याने लिहिलेली आवृत्ती स्वीकारली आणि तिनेही अवतरणचिन्हांची रीत उचलली आहे. ‘एक्सा’ हे रंगीत याद्या दाखवणारे साधन थांबल्यावर २०२३ मध्ये त्यातून निघालेले ‘एझा’ स्पेस असलेल्या नावांना चिन्हे लावते आणि ती नको असणाऱ्यांसाठी पर्याय ठेवते. उलट बीएसडीच्या शाखेत, मॅकवर आणि छोट्या यंत्रांतल्या बिझीबॉक्समध्ये नावे उघडीच आहेत. एकाच दिवसात लॅपटॉपवर मॅक, सर्व्हरवर लिनक्स आणि राउटरवर बिझीबॉक्स वापरणाऱ्या माणसाला एकच फाइल दोन रूपांत दिसते.

२०२४च्या पॉझिक्सने मुळाशी हात घातला आहे. शून्य बाइटने नावे वेगळी करण्याचे पर्याय आता प्रमाणात आले आहेत. नियंत्रणचिन्हे लिहिण्यासाठी ग्नू जे डॉलर आणि अवतरणचिन्हाचे लेखन यादीत दाखवते, तेही प्रमाण झाले. त्यामुळे ‘एलएस’ने दाखवलेले नाव काही मोजक्या शेलमध्येच चालते, हा एक जुना आक्षेप कमजोर झाला. नावात नवी ओळ असलेल्या फाइली तयार करू देऊ नयेत, असे उत्तेजनही प्रमाणकाने दिले आहे. स्पेसबद्दल मात्र ते काही म्हणत नाही आणि टर्मिनलवरची यादी अजूनही ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

चिन्हे ठेवण्याची बाजू एकंदरीत बळकट वाटते, विशेषतः शेवटची स्पेस आणि न छापता येणारी अक्षरे यांच्यामुळे. पण नवख्या माणसाला ती चिन्हे नावाचा भाग नाहीत हे यादीतूनच कसे कळावे, याचे उत्तर ग्नूजवळही नाही. चिन्हे फिकट रंगात दाखवणे हा एक उपाय असू शकतो, मात्र रंग न दिसणाऱ्या पडद्यांवर आणि पडदा वाचून दाखवणाऱ्या साधनांपुढे तो अपुरा पडेल. देवनागरीचा प्रश्न तर याहून मागे आहे. उकार-मात्रांची आणि जोडाक्षरांची रुंदी किती धरायची याबाबत ‘एलएस’चा हिशेब आणि टर्मिनलचे चित्र यांचा मेळ बसत नाही, म्हणून एका रेषेत आणलेले स्तंभ मराठी नावांपाशी पुन्हा विस्कटतात. अवतरणचिन्हांसाठी जशी एक स्पेस सोडून दुरुस्ती झाली, तशी ही होण्याजोगी नाही. त्यासाठी टर्मिनल बनवणाऱ्यांनी आणि आज्ञा लिहिणाऱ्यांनी रुंदीचा एकच तक्ता मान्य करावा लागेल.